चार्जर गेला म्हणण्याआधी

जालंब-खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा 1870 साली टाकला गेला तो कापसासाठी. आजही हंगामात खामगावात जिनिंगच्या आसपास बारीक रुई उडत असते. ती कपड्यांवर बसते, खिशात शिरते आणि खिशातल्या मोबाइलच्या चार्जिंग पोर्टमध्येही जाऊन बसते. म्हणून ‘चार्जर गेला’ अशी तक्रार आली, की जाणता दुरुस्तीवाला चार्जर हातात घेत नाही, आधी मोबाइलच्या पोर्टमध्ये टॉर्च मारतो. तळाशी दाबून बसलेल्या तंतूंमुळे पिन पूर्ण आत जात नाही आणि केबल जरा हलली तरी चार्जिंग तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो थर हलकेच काढायचा. टाचणी नको, टाइप-सीच्या मधल्या पातळ जिभेवरचे नाजूक संपर्क तिने कायमचे बिघडतात.

पोर्ट स्वच्छ निघालं, की केबल. तीच केबल चार्जरच्या दुसऱ्या पोर्टला, मग दुसरी केबल पहिल्या पोर्टला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे होता ते कळतच नाही. लांब, बारीक तारेच्या केबलचा जाण्यायेण्याचा रोध पाव ओहम असला, तर 2 अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. 5 व्होल्टचे साडेचार उरले, की फोन स्वतःच वीज कमी ओढू लागतो.

खरा गैरसमज होतो तो वॅटच्या आकड्याचा. चार पोर्टच्या चार्जरवर ठळक 65 वॅट लिहिलेलं असतं, पण ती सगळ्या पोर्टची मिळून बेरीज असते. एकटा लॅपटॉप लावला तर 65. शेजारी फोन लावला, की काही चार्जरांत त्याची 45 आणि 20 अशी वाटणी होते. ही वाटणी मागे बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. नवी पिन घुसवली, की चार्जर क्षणभर वीज तोडतो आणि प्रत्येक उपकरणाशी 5, 9, 15 की 20 व्होल्ट हे नव्याने ठरवतो. फोन ‘टुंग’ करतो, माणूस घाबरतो. हा बिघाड नव्हे. एवढ्यावरून चांगला चार्जर भंगारात जातो, आणि ज्याने मजुरीच्या पैशांतून तो घेतलेला असतो त्याच्यासाठी जीव हळहळतो. शंभर वॅटचा चार्जरही साध्या टाइप-सी केबलवर 60 च्या पुढे जात नाही. 3 अँपिअरच्या वर जायला केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते.

भिंतीकडेही बघावं. चार्जरच्या बारीक पिना जुन्या सॉकेटमध्ये सैल बसतात, जड चार्जर लोंबकळतो, आत चरचर होते. तिथे सॉकेट बदलायचं, तेही मेन स्विच बंद करून.

मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मे महिन्यात चार्जर तापून आपणच वेग कमी करतो. तो उशीखाली किंवा कपाटामागे कोंडू नये, एवढं केलं तरी पुष्कळदा भागतं.

जळका वास, फुगलेलं प्लास्टिक, काळं पडलेलं पोर्ट: यातलं काही दिसलं तर मात्र तपासणी तिथेच थांबवावी. चार्जर उघडून पाहण्याचा मोह फार वाईट. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. नवा घेताना बीआयएसच्या खुणेजवळचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधावा आणि दुकानातच उभं राहून तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघावा.