आईच्या कानातील भुंगा

"रातभर भुंगा घुमते रे," असे आई गेल्या पावसाळ्यात सांगू लागली. वय ब्याऐंशी, ऐकू कमी. वाशिममधील दवाखान्यात नेहमी येणारी कर्णनादाची तक्रार समजून मी तपासणीही न करता तिची समजूत काढली. परक्या रुग्णाशी मी असे वागलो नसतो.

एका रात्री वीज गेली. आई म्हणाली, "आता पाय, थांबला." कर्णनाद काही विजेवर चालत नाही! भुंगा भिंतीपलीकडे, दवाखान्याच्या संगणकात सापडला. त्याच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२००, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. तिचा कंप पत्र्याच्या पेटीतून टेबलात, टेबलातून भिंतीत आणि भिंतीला टेकलेल्या आईच्या खाटेत उतरत होता. उतारवयात बहुधा उंच स्वर आधी हरपतात. खर्जातील घुमणे टिकून राहते. फोनची घंटा न ऐकणाऱ्या आईला ते म्हणूनच जाणवले.

रात्री संगणक बंद न करण्याचा आळस प्रथम सोडला. पण आईच्या दुपारच्या निजेचे काय? वीज तोडून डिस्कचे सैल स्क्रू आवळले, त्यांना रबरी वॉशर घातले. पेटी टेबलावरून उतरवून जाड रबरी तुकड्यांवर ठेवली, हवेची छिद्रे मोकळी राखून. खाट भिंतीपासून वीतभर सरकवली. रुग्णांच्या नोंदींची दुसरी प्रतही काढली. डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली, तर ती निकामी होण्याच्या वाटेवर असू शकते. फिरता भाग नसलेली एसएसडी पुढेमागे बसवीन.

आईचे कानही अखेर तपासले. उजव्यातून मळाचा घट्ट खडा निघाला.