बोटीवरून घरी फोन

मागच्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतले एक कुटुंब मुंबईहून क्रूझने गोव्याला गेले. नवरा, बायको आणि दोन मुले. घरी म्हातारी आई एकटीच राहणार होती. निघायच्या आदल्या रात्री ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचा मुलगा बोटीवर असतो, तुम्हाला ठाऊक असेल. तिथून घरी फोन स्वस्तात कसा लावायचा?"

आम्ही त्यांना चहा दिला आणि जे ठाऊक होते ते सगळे सांगितले. मात्र ते आम्ही कसे शिकलो, हे त्या रात्री सांगवले नाही. ते आज येथे सांगत आहोत. वसई-विरार पट्ट्यात बोटीवर गेलेल्या मुलांची घरे पुष्कळ आहेत. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आपल्या भागाला समुद्र नवा नाही. नालासोपाऱ्याचे सोपारा हे प्राचीन बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथला स्तूप उजेडात आणला, तेव्हा जगाला त्याची पुन्हा ओळख झाली. त्या काळी माणूस गलबतावर चढला की वारा उलटा फिरेपर्यंत त्याचा निरोप येत नसे. घरच्यांनी वाट पाहायची, एवढेच.

आमच्या तरुणपणी फार काही बदलले होते असे नाही. १९९३ साली आमचे थोरले बंधू मालवाहू जहाजावर खलाशी होते. घरात फोन कुठला? वसई स्टेशनजवळच्या एका दुकानदाराचा नंबर आम्ही 'पी.पी.' म्हणून दिलेला होता. दादा परदेशी बंदरात उतरून फोन करायचे, दुकानातला पोऱ्या पळत बोलवायला यायचा आणि आई पदर सावरत धावत सुटायची. ती पोचेपर्यंत मिनिटे संपत आलेली असायची. "बरा आहेस ना? जेवतोस ना?" एवढ्यात फोन कट. पण तेवढ्यावर आईचा महिना निघायचा. गावी बोलायचे तर रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथवर तेव्हाच रांग लागायची. स्वस्त वेळ बघून बोलायची सवय आमच्या पिढीच्या हाडात भिनली आहे. तीच सवय पुढे आम्हाला भोवली.

आमचे चिरंजीव २०१७ च्या सप्टेंबरात क्रूझवर लागले. काम गॅलीमध्ये, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात भांडी आणि साफसफाई. सीडीसी, मेडिकल, कोर्स यांसाठी आम्ही पतपेढीचे कर्ज काढले होते. जाताना त्याला पोस्टपेड सिम घेऊन दिले, बिल आमच्या नावावर. पहिल्या महिन्यात तो दोन-तीन दिवसांआड फोन करी. आम्ही खूष. आजी तर फोन कानाला लावून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायची.

मग बिल आले. नऊ हजारांच्या वर.

झाले होते असे. भर समुद्रात गेल्यावर किनाऱ्याचे टॉवर सुटतात. मग बोटीचे स्वतःचे मोबाईल जाळे फोनला पकडते. तो फोन उपग्रहावरून जातो आणि त्याचा दर नेहमीच्या रोमिंगपेक्षाही कितीतरी पट असतो. पोराला हे ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. पण आम्ही काय केले? त्याला मेसेज लिहिला : "कर्ज अजून फिटायचे आहे. उगाच फोन करू नकोस."

पोराने ऐकले. सिम बंद करून ठेवले. बोटीवर इंटरनेटचे कार्ड मिळे, पण तेही महाग आणि इतके हळू की बोलण्याआधीच मिनिटे संपत. मग पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, बंदरात वेळ मिळाला तर फोन. आजी रोज विचारायची, "पोराचा फोन आला का?" आम्ही म्हणायचो, "बोटीवर फोन महाग असतो, आई." ती गप्प बसायची.

२०१८ च्या एप्रिलअखेरीस त्याची बोट अमेरिकेकडून युरोपकडे निघाली. या क्रूझ बोटी हिवाळ्यात कॅरिबियन बेटांकडे फिरतात आणि उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात येतात. मध्ये अटलांटिक महासागर ओलांडताना आठवडाभर जमीन दिसत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात आजीला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवले. आम्ही मुलाला व्हॉट्सॲपवर लिहिले, "लगेच फोन कर." एकच टिक. दुसऱ्या दिवशीही एकच टिक. तिसऱ्या दिवशी पहाटे आजी गेली. दवाखान्यात तिने दोनदा त्याचे नाव घेतले होते.

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. बोट मदेरा बेटावर फुंशालच्या बंदरात लागली होती. तिकडे सकाळ होती. आवाज आनंदाने भरलेला. "पप्पा, इथे टर्मिनलवर वायफाय फुकट आहे. पैशांची काळजी करू नका, पोटभर बोलू. आधी आजीकडे द्या फोन."

पुढचे लिहीत नाही.

जूनमध्ये तो सुट्टीवर आला. एके दिवशी कपाटातली त्याच्या कागदांची फाईल उघडून बसला आणि एक पत्र बाहेर काढून आमच्यापुढे ठेवले. निघताना एजंटच्या ऑफिसने दिलेले. त्यावर चोवीस तासांचा तातडीचा नंबर छापलेला होता. "यावर फोन केला असता तर ऑफिसने बोटीला कळवलं असतं. मला बोलावून सॅटेलाईट फोनवरून तुमच्याशी बोलायला दिलं असतं. एक पैसा लागला नसता, पप्पा." तो रागाने बोलला नाही. म्हणूनच जास्त लागले. स्वस्त फोन शोधणाऱ्या आम्हा शहाण्यांच्या कपाटात आठ महिने फुकटचा फोन पडून होता, आणि आम्ही तो कागद एकदाही नीट वाचला नव्हता.

त्या दिवसानंतर आम्ही तिघांनी मिळून घराचे काही नियम केले. शेजाऱ्यांना सांगितले ते हेच.

पहिला नियम, तो कागद. बोटीचे नाव, कंपनीचा व एजंटचा तातडीचा नंबर, मुलाचा क्रू नंबर, बोट कोणत्या तारखेला कोणत्या बंदरात, हे सगळे मोठ्या अक्षरात लिहून आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवले आहे. प्रवासी म्हणून जाणाऱ्यांनीही क्रूझ कंपनीचा नंबर, बोटीचे नाव आणि केबिन नंबर घरी ठेवावा. बहुतेक कंपन्या तातडीचा निरोप बोटीवर पोचवतात.

दुसरा, बोटीवर चढताच फोन फ्लाईट मोडवर टाकायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचे. म्हणजे बोटीचे मोबाईल जाळे फोनला धरू शकत नाही. रोमिंगचा डेटाही बंद ठेवायचा. मुंबई-गोवा प्रवासात किनारा जवळ म्हणून निर्धास्त राहू नये. निघताना आणि पोचताना आपले सिम चालते, मधल्या रात्रीचा भरवसा नाही.

तिसरा, पाकीट बघून इंटरनेट घ्यायचे. बऱ्याच कंपन्या नुसत्या मेसेजसाठी कमी पैशांचे पॅकेज ठेवतात. कुटुंबाने एकच पॅकेज घेऊन आळीपाळीने वापरले तरी चालते. एकाने लॉग आऊट करायचे, मग दुसऱ्याने लॉग इन. बहुतेक ठिकाणी ही मुभा असते, चढल्यावर विचारून घ्यावे. फोटो आपोआप उतरणे, ॲप अपडेट होणे, बॅकअप जाणे, हे आधीच बंद करावे. नाहीतर घरी एक शब्द न बोलता पॅकेज संपते.

चौथा, बोलून पाठवायचे. चेहरा दाखवणाऱ्या फोनला नुसत्या आवाजाच्या फोनपेक्षा कितीतरी पट इंटरनेट लागते. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. जरा इंटरनेट मिळाले की तो आपोआप जातो आणि ऐकणाऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकता येतो. आजी असती तर तिने दिवसातून दहा वेळा ऐकला असता.

पाचवा, बंदर. टर्मिनलवर, कॉफीच्या दुकानात वायफाय मिळते. जगातल्या पुष्कळ बंदरांत खलाशांसाठी केंद्रे आहेत. 'मिशन टू सीफेअरर्स' ही संस्था १८५६ पासून आणि 'स्टेला मारिस' १९२० पासून हे काम करते. बऱ्याच केंद्रांत वायफाय आणि तिथले सिम मिळते. धर्म-देश विचारत नाहीत. आमचा मुलगा लाजून जात नव्हता. पुढे एका बुजुर्ग गोवेकराने हात धरून नेले.

सहावा, वेळ. मायामीच्या बाजूला बोट असेल तर आपले घड्याळ तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. त्याची ड्युटी रात्री अकराला सुटते, तेव्हा इथे सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतात. त्या वेळी आमच्यापैकी एकजण विरार लोकलमध्ये दोन पायांवर उभे राहण्याच्या खटपटीत असतो, खिशात हातही जात नाही. म्हणून आठवड्याची सुट्टी ठरवून दिली. रविवारी सकाळी फोन, बाकीचे दिवस रेकॉर्ड केलेला आवाज.

एक इशारा. परदेशात स्वस्त मिळतो म्हणून कोणी सॅटेलाईट फोन विकत घेऊन भारतात आणू नये. थुराया किंवा इरिडियमचा फोन सरकारी परवान्याशिवाय जवळ बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे. विमानतळावर अटक झालेली आहे.

हे सारे एवढे महाग का, असे शेजाऱ्यांच्या मुलीने विचारले. तिला सांगितले ते असे. जुने उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. आपला शब्द तिथवर जाऊन खाली येतो, म्हणून बोलताना मध्ये पोकळी पडते. बोटीवर माणसे तीन-चार हजार आणि वाट अरुंद. स्टारलिंकचे नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात आणि ते हजारोंनी आहेत. रॉयल कॅरिबियन समूहाने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या बोटींवर हे इंटरनेट बसवण्याचे जाहीर केले, मग इतरही कंपन्या त्या वाटेने गेल्या.

कायदाही थोडा पुढे सरकला आहे. खलाशांच्या कामाच्या अटी ठरवणारा २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारताने २०१५ साली मान्य केला. त्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. खलाशाला घरच्यांशी संपर्काची सोय मिळाली पाहिजे, असे ती सांगते. इंटरनेट द्यावे आणि पैसे घ्यायचेच तर ते वाजवी असावेत, असेही त्यात सुचवले आहे. म्हणजे घरी बोलणे ही मालकाची मेहेरबानी नाही. बोटीवर जाणाऱ्या मुलांनी सही करण्यापूर्वी इंटरनेटचे काय, हे विचारलेच पाहिजे.

आता आमचा मुलगा केबिनमधून चेहरा दाखवून बोलतो. स्वस्त झाले तसे आमचेही एक चुकू लागले. टँकरचे पाणी, सोसायटीचे भांडण, नातेवाइकांनी मागितलेली उसनवारी, सगळे त्याच्या कानावर घालू लागलो. एकदा तो बोलता बोलता झोपून गेला. करारात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे, त्यातलीच वेळ काढून तो आमच्याशी बोलत होता. तेव्हापासून घरची रड आधी घरातच निस्तरतो. त्याला विचारतो तेच, जे आई दादांना विचारायची. बरा आहेस ना? जेवतोस ना?

शेजारी गोव्याहून सुखरूप आले. जाण्यापूर्वी त्यांनी एक कागद लिहून आईच्या उशाशी ठेवला होता. त्याची गरज पडली नाही, हे उत्तमच झाले.

तुमच्या घरातला कोणी बोटीवर असेल, तर त्याच्या फाईलीतही असा एक कागद असेल. आज रात्री जेवणे झाल्यावर तो शोधा, वाचा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दिसेल अशा जागी लावा.