शिशाची गोळी की पागेचे शिसे

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जुन्या लढायांच्या खुणा मेटल डिटेक्टरने शोधायच्या म्हटल्या, तर बहुतेक वेळ एकाच धातूपायी जातो. तो म्हणजे शिसे. तोफेचा लोखंडी गोळा ओळखायला फारशी विद्या लागत नाही. सहा पौंडी गोळा नऊ सेंटिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलो वजनाचा असतो, तो हातात आला की वाद मिटतो. गरनाळीच्या पोकळ गोळ्यांचे तुकडे त्यांच्या जाडीवरून कळतात. दगडी गोळ्याशी यंत्राला कर्तव्यच नसते, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. पण अंगठ्याच्या पेराएवढी, वर पांढुरकी साय धरलेली, गोलसर शिशाची वस्तू मिळाली की ती बंदुकीची गोळी की मासेमारीच्या जाळ्याचे, म्हणजे पागेचे, वजन, यावर दोन जुने मित्रही बोर्डीपासून चारोटीपर्यंत वाद घालू शकतात आणि चारोटीला पोचल्यावरही तो मिटलेला नसतो.

वादाला इतिहास कारण आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेचा उत्तरेकडचा भाग याच पट्ट्यात घडला. जानेवारी १७३९ मध्ये डहाणू आणि आसपासची पोर्तुगीज ठाणी मराठ्यांकडे आली, त्याच महिन्यात तारापूर पडले आणि मे महिन्यात वसई. तारापूर आज पालघर तालुक्यात मोडत असले तरी चिंचणीच्या खाडीपलीकडेच आहे, म्हणून डहाणूच्या शोधात ते धरावेच लागते. तिथे सुरुंग उडाले, तट फुटला, आणि मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर बंदुकीच्या गोळीने पडले. किनाऱ्यापासून आत सेगवा, बल्लाळगड, गंभीरगड हे डोंगरी किल्ले आहेत. त्यांच्या नावावर मोठी लढाई नाही, पण शिबंदी होती. शिबंदी असली की हरवलेली गोळी, सांडलेले शिसे, तुटलेली कडी हेही ओघाने आलेच. लढाईपेक्षा पहाऱ्यात माणसाच्या हातून जास्त सांडते, आणि मोहिमांच्या गोष्टी वाचून बाहेर पडलेल्याला नेमके हेच पटत नाही.

आता जमीन. हा सगळा दख्खनी बेसाल्टचा प्रदेश. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, ते झिजून मातीत उतरते आणि ओढ्या-खाड्यांतून किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत जमते. विलायती पुस्तकांत हलक्या, चुनखडीच्या मातीवर केलेल्या प्रयोगांचे आकडे असतात. गंभीरगडाच्या पायथ्याच्या तांबूस मुरमावर त्यातले निम्मेही खरे ठरत नाहीत. नेहमीचे अतिनीच वारंवारतेचे यंत्र इथे जमिनीशीच बोलत बसते. सुटा लोहयुक्त दगड कॉइलखाली आला तरी नाण्यासारखा आवाज निघतो. समुद्रकाठी त्यात मिठाची भर पडते, कारण ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते आणि यंत्राला तीही धातूच वाटते. पल्स इंडक्शनचे यंत्र खाऱ्या वाळूत आणि मुरमात बरे चालते, पण खिळा आणि गोळी यांत ते धड फरक करत नाही. म्हणजे ऐकू येते तेव्हा ओळख पटत नाही, आणि ओळखणारे यंत्र घ्यावे तर ऐकू येत नाही. विकणारे दोन्ही गुण एकाच खोक्यात असल्याचे सांगतात. ते बोरिवलीत बसून सांगणे सोपे आहे.

या यंत्राचा जन्मच एका शिशाच्या गोळीपायी झाला, हे शिशाने छळलेल्यांना ठाऊक असलेले बरे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले इंडक्शन बॅलन्स घेऊन गेला. त्याला गोळी सापडली नाही. खाटेच्या पोलादी स्प्रिंगांनी आवाज बिघडवला आणि शोधही भलत्या बाजूला झाला, असे सांगतात. सप्टेंबरात गारफील्ड गेले. आजही कॉइलखालच्या शिशापेक्षा आजूबाजूचे लोखंडच मोठ्याने बोलते. डहाणूच्या चिकूवाडीत हे लोखंड म्हणजे तार, खिळे, पंपाचे बोल्ट. तलासरीच्या डोंगराळ शेतात ते मोडक्या कोयत्याचे पाते किंवा नांगराच्या फाळाचा तुकडा असते.

शिसे यंत्राच्या पडद्यावर मधल्या आकड्यांत दिसते आणि ॲल्युमिनियमही तिथेच बसते. शीतपेयाच्या डब्याची चावी आणि अठराव्या शतकातली गोळी यांचा आकडा सारखा येऊ शकतो. तेव्हा खरी ओळख यंत्र बंद केल्यावर सुरू होते. त्यासाठी कॅलिपर, दागिन्यांचा काटा आणि भिंग लागते.

हिशेब साधा आहे. शिशाची घनता ११.३४. साडेसतरा मिलिमीटर व्यासाची गोळी ३२ ग्रॅमच्या आसपास भरते. कंपनी सरकारच्या पलटणींच्या ब्राउन बेस बंदुकीची गोळी साधारण याच मापाची. १५ मिलिमीटरची गोळी २० ग्रॅम भरते. आता तेवढ्याच व्यासाचे जाळ्याचे शिसे घ्यावे. त्याच्या आरपार ३ मिलिमीटरचे भोक असले तर सव्वा ग्रॅम वजन कमी होते. शे-दोनशे वर्षांत भोक मातीने आणि क्षाराने बुजते, वर साय चढते आणि बाहेरून गोळा अखंड दिसतो, पण काटा ते बुजलेले भोक दाखवतो. इथवर सगळे सुरेख वाटते. अडचण अशी की शिशाची साय म्हणजे मुख्यतः शिशाचे कार्बोनेट, आणि ते शिशापेक्षा पुष्कळ हलके. जाड साय असलेली खरी गोळीही ग्रॅमभर हलकी निघते. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तीही घट. म्हणजे सव्वा ग्रॅमच्या तुटीला तीन कारणे संभवतात, आणि त्यातले हवे तेवढेच एक धरून बसण्याचा मोह प्रत्येकाला होतो. शोधणाऱ्याला शिसे नको असते, गोळी हवी असते. तारापूरच्या तटावरून सुटलेली हवी असते. आपल्याच हाताने सापडलेली हवी असते. कॅलिपरवर थोडा जोर दिला की अर्धा मिलिमीटर हवा तिकडे सरकतो, हे या छंदातल्या बहुतेकांना ठाऊक आहे आणि त्यातल्या फार थोड्यांनी ते कबूल केले आहे.

भिंगाखाली पाहायच्या खुणा अधिक विश्वासाच्या. दोन फाळ्यांच्या साच्यात ओतलेल्या गोळीला कमरेभोवती बारीक शिवण असते आणि ओतमुखाचा देठ छाटल्याचा चपटा डाग असतो. गजाने ठासलेल्या गोळीवर एका बाजूला उथळ खळगी दिसते. सुटून दगडावर आदळलेली गोळी पसरट होते, चिखलात शिरलेली जवळजवळ गोलच राहते. पण पागेचे शिसेही लोक घरीच साच्यात ओतत आले आहेत, त्यालाही शिवण येते. समुद्रतळावर घासून शिवण जाते आणि खळगी पडते. मांगेला, माच्छी, कोळी या समाजांतल्या जुन्या जाणत्यांना दाखवले तर ते तळहातावर क्षणभर घोळवून ‘आपलं नाय हे’ किंवा ‘हे पागेचंच’ असे सांगून मोकळे होतात. त्यांच्या निकालाला कारण नसते. भिंग आणि काटा बाळगणाऱ्याला त्याचा राग येतो, कारण तो निकाल बहुधा चुकत नाही.

आणखी एक शक्यता आहे, आणि तिच्यापुढे भिंगही थकते. शिसे वितळायला सव्वातीनशे अंश सेल्सिअस पुरते, चुलीवरच्या कढईत काम होते. किनाऱ्यावर सापडलेली गोळी माणूस टाकून देत नाही, वितळवून जाळ्याला लावतो. १७३९ चे शिसे नंतर कित्येकदा पाण्यात गेले आणि बाहेर आले असेल. उलटही घडले असणार, कारण ठासणीच्या बंदुकीला गोळी कमी पडली तर जाळ्याचे शिसे जवळच होते. मग ‘गोळी की पागेचे शिसे’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही, आळीपाळीने’ असेही येऊ शकते. शिशाचे समस्थानिक तपासून ते कोणत्या खाणीचे हे कळू शकते, पण चार ठिकाणचे शिसे एका कढईत मिसळल्यावर प्रयोगशाळाही हात टेकते. गोळी मराठ्यांची की फिरंग्यांची, हे तर विचारूच नये. शिसे युरोपीय जहाजांतून सुरत-मुंबईच्या बाजारात येई आणि दोघेही घेत. तोडेदार बंदुकांना ठराविक माप नव्हते, ज्याची नळी त्याचा साचा.

तलासरीच्या बाजूला समुद्र दूर पडतो, म्हणून तिथले शिसे निर्विवाद असेल असे वाटते. तसे नाही. तिथे शिकारीचे शिसे आहे. डुकरावर झाडलेली गोळी आणि गडाच्या पहारेकऱ्याची गोळी यांत भिंगाला फरक दिसत नाही. फरक असलाच तर जागेचा. नाल्याकाठी एकटी सापडली तर शिकारीची मानावी. चढाच्या वळणावर, तटाच्या माऱ्यात, आठ-दहा एका रेषेत सापडल्या तर गोष्ट वेगळी. म्हणून जागेची नोंद गोळीपेक्षा मोलाची, आणि म्हणूनच हे काम एकट्याचे नाही.

जोडीतल्या एकाने ऐकायचे, दुसऱ्याने लिहायचे. लिहिणाऱ्याकडे जीपीएस, वही, मोजपट्टी आणि मुख्य म्हणजे संशय असावा. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ च्या वणव्याने गवत जळाल्यावर १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना रांगेत चालवले, प्रत्येक सिग्नलला निशाण लावले, आणि काडतुसांवरच्या ठशांवरून एकेक बंदूक रणात कशी फिरली ते मांडले. जर्मनीत काल्क्रीझला टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १९८७ मध्ये रोमन नाणी मिळाली, पण इथे फौज होती हे ठरले ते पुढे मिळालेल्या गोफणीच्या तीन शिशाच्या गोळ्यांवरून. दोन्हीकडे सापडण्यापेक्षा टिपणे महत्त्वाचे ठरले. आपल्याकडे मात्र दोघांनाही ऐकायचे असते. वही पिशवीतच राहते.

जोडीतल्या कामाची वाटणी बहुधा वय करते. पन्नाशी-साठीनंतर कानातले वरचे सूर आधी जातात, आणि खोलवरच्या शिशाचा क्षीण आवाज पकडणे अवघड होते. यंत्राचा सूर खाली आणता येतो, आवाज वाढवता येतो, पण कडेचा किंचित थरथरता भाग हरवतो तो हरवतोच. तेव्हा हेडफोन धाकट्याच्या कानावर जातो आणि थोरला वही घेतो. ही बढती आहे असे थोरल्याला सांगितले जाते. त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. धाकटा एखाद्या जागेवर थांबला की आपल्याला तिथे काहीच कसे ऐकू आले नव्हते, याचाच हिशेब तो जास्त करतो. नोंदी मात्र त्याच्याच चांगल्या होतात, कारण त्याला आता घाई नसते.

कायदा थोडक्यात. १८७८ च्या भूमिगत निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तो कायदा झाला तेव्हा बेलचे यंत्रही जन्मले नव्हते. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उकरता येत नाही. १९७२ चा कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावशेष मानतो आणि तिच्या व्यापारावर व निर्यातीवर बंधने घालतो. व्यवहारात अर्थ एवढाच की किल्ल्यावर यंत्र न्यायचे नाही. किल्ल्याबाहेरच्या खासगी शेतातही मालकाच्या संमतीने, नांगरटीनंतर वर आलेलेच पाहायचे, खणायचे नाही, आणि मिळालेले कळवायचे. हौशी मंडळींना हे जाचक वाटते. पण उकरलेल्या खड्ड्यातून गोळी मिळते, जागेची साक्ष मात्र संपते, हे एकदा मान्य केले की कायदा सोयीचाच वाटू लागतो.

मान्य न करणारे पुष्कळ आहेत. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मुघलांचे सोने शोधत शेते उकरत होते. तिथला पुरावा गेला तो गेलाच. यूट्यूबवरचे खजिनावाले त्याच जातीचे, फक्त त्यांचा कॅमेरा चांगला असतो. याउलट दुर्गसंवर्धनाच्या मंडळींनी झाडोऱ्यात आणि मातीत लोळणाऱ्या तोफा बाहेर काढून गाड्यांवर बसवल्या, ते काम सरळ आणि उघडे आहे. त्यांचीही खोड आहेच. तोफ दिसते म्हणून तिचा फोटो निघतो, आणि तोफेभोवतीच्या मातीतली शिशाची किरकोळ उधळण कुणी टिपत नाही.

एक जागा या शोधातून वगळलेली बरी. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची परिषद भरली आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मारले गेले. तिथले लोक दर वर्षी तो दिवस पाळतात. पितळी काडतूस आणि कवच असलेली गोळी यंत्राला ओळखायला सोपी, शंभर वर्षांची अटही तिला अजून लागू नाही, म्हणून हौशी माणसाचे पाय तिकडे वळतात. पण ज्यांच्या घरी त्या गोळीची आठवण आहे त्यांच्या दारात हेडफोन लावून फिरणे असभ्य आहे. तिथे लागणारी माहिती गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आणि गावातल्या म्हाताऱ्यांपाशी आहे.

उरली जमीन जेसीबीखाली चालली आहे. महामार्ग, द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेनचे खांब, वाढवणचे बंदर, या सगळ्यांना भराव लागतो आणि भरावाला मुरूम. एका टेकडीचा मुरूम दुसऱ्या गावच्या भरावात जातो, त्यासोबत शिसेही जाते. पुढे कधी महामार्गाकडेला आठ-दहा गोळ्या एका रेषेत मिळाल्या, तर ती रेषा तटाच्या माऱ्याची नसून डंपरची असेल. आजच्या नोंदवहीत भराव कुठून आला हेही लिहून ठेवावे लागते.

सापडलेले शिसे घासू नये. साय गेली की वयाचा उरलासुरला पुरावाही जातो. लाकडी कपाटात तर मुळीच ठेवू नये, कारण लाकडातून आणि पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुगा होते. सागवानी शोकेसमध्ये मखमलीवर मांडलेल्या गोळ्या पाहुण्यांना काही वर्षेच दाखवता येतात. पॉलिथिलीनची झाकणाची डबी घ्यावी आणि प्रत्येक नगाला वेगळी ठेवावी. सोबत चिठ्ठीवर जागा, तारीख, व्यास, वजन, शेतमालकाची संमती आणि ओळखीपुढे प्रश्नचिन्ह असावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई डहाणूच्या दमट हवेत पसरते.