गाडी पुसणारे फडके





खंडेनवमीला आपल्या घरांत अवजारे पुजली जातात. पाटावर पक्कड, कात्री, शिलाईचे मशीन आणि अलीकडे लॅपटॉपही असतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. मात्र ज्या फडक्याने ती गाडी लख्ख झाली, ते पाटावर कधीच नसते. ते डिकीत स्टेपनीच्या मागे कोंबलेले असते. आज त्या फडक्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

त्याला कारण घडले. यंदा शनिवारच्या श्रमदानाच्या तासात आठवी-नववीच्या मुलामुलींना आम्ही शाळेच्या दोन व्हॅनची निगा शिकण्याचे काम दिले. शिकवायला होते आपले ड्रायव्हर काका. पुढच्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "सर, आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, की गाड्या पुसायला?" सभेत थोडी कुजबुज झाली. प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर द्यावे असे आम्हांस वाटले.

आधी वस्तू समजून घेऊ. बाजारात 'मायक्रोफायबर' म्हणून मिळणारे फडके सुती नसते. ते बहुधा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे असते, बरेचदा ८० आणि २० टक्के या प्रमाणात. त्याचा तंतू एक डेनिअरपेक्षा बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर तंतूचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी असे अतिसूक्ष्म तंतू बनवण्याची रीत काढली आणि १९७० साली त्यापासूनचे कापड बाजारात आले. पुसण्याच्या फडक्यात हे तंतू उभे चिरलेले असतात. त्या चिरांत धूळ, तेल आणि पाणी अडकून राहते.

धूळ पकडणे हा त्याचा गुण, आणि धूळ न सोडणे हाच त्याचा धोका. गाडीच्या रंगावर पारदर्शक लेप असतो, त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. फडक्यात वाळूचा एक कण राहिला आणि आपण ते गोल गोल फिरवले, की त्या लेपावर बारीक रेघा उठतात. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे दिसते, ते हेच. फडके कितीही मऊ असो, ओरखडा त्यात अडकलेला कण काढतो. म्हणून गाडीवरची धूळ आधी पाण्याने उतरवायची. कोरड्या धुळीवर फडके चालवायचे नाही.

आता काकांची धुण्याची रीत. सुती कपड्यांबरोबर हे फडके कधीही धुवायचे नाही, कारण सुताची लव त्याला चिकटते आणि पुढे काचेवर उतरते. पाणी हाताला सोसेल इतके कोमट, ४० अंशांपर्यंत. साबण पातळ आणि थोडा. पावडर नीट विरघळली नाही तर तिचे कण तंतूंत बसतात. ब्लीच नाही. पॉलिश किंवा मेण पुसलेली फडकी वेगळ्या बादलीत, भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून आधी भिजवायची. मग स्वच्छ पाण्यात खळबळून, पाणी नितळ येईपर्यंत.

कपडे मऊ करणारे सुगंधी औषध तर मुळीच नको. हे काकांनी सांगितले तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "का?" काका म्हणाले, "करके देख लो, बेटा." मग मुलांनी दोन सारखी फडकी घेतली. एक साध्या साबणाने धुतले, दुसऱ्याला ते औषध लावले. वाळल्यावर काचेवर एकेक चमचा पाणी सांडून पुसले. पहिल्याने पाणी टिपले. दुसऱ्याने ते काचेवर पसरवले आणि मागे पट्टे सोडले. औषधाचा पातळ थर तंतूंच्या चिरा बुजवतो, हे मुलांना पुस्तक न उघडता कळले.

वाळवणे सावलीत, दोरीवर. यंत्रात वाळवायचेच तर अगदी कमी उष्णतेवर. इस्त्री कधीही नाही, कारण उष्णतेने तंतूंची टोके वितळून कडक होतात आणि असे फडके स्वतःच ओरखडे काढू लागते. पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नये, नाहीतर कुबट वास धरते.

ठेवण्याची शिस्त मुलांनी स्वतः ठरवली. झाकणाचे चार डबे: पिवळी फडकी बाहेरच्या रंगासाठी, निळी काचेसाठी, राखाडी सीट आणि डॅशबोर्डसाठी, आणि कोपरा कापलेली जुनी चाकांसाठी. चाकांवर ब्रेकची भुकटी असते, तिच्यात धातूचे कण असतात. म्हणून चाकाचे फडके पुन्हा वरच्या डब्यात येत नाही. जमिनीवर पडलेले फडके झटकून वापरायचे नाही, ते थेट धुण्यात. नव्या फडक्याचे टोचणारे लेबल आधी काढायचे. दोनदा दुमडले की एका फडक्याच्या आठ बाजू होतात. एक मळली की दुसरी उघडायची. धुतलेले फडके अजून चांगले आहे का, हे पाहायला ते तळहातावर हलके ओढायचे. कातडीला किंचित धरले तर उत्तम. घसरले तर त्याची बदली चाकांच्या डब्यात.

पाण्याचाही विचार झाला. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते. शिवाय हे फडके म्हणजे प्लॅस्टिकच. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली मांडले, की पॉलिएस्टरच्या ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यातून जवळपास ५ लाख सूक्ष्म तंतू सुटू शकतात. आपल्या शहराचे सांडपाणी कान्ह नदीच्या वाटेने क्षिप्रेकडे जाते, क्षिप्रा चंबळेला मिळते आणि चंबळ यमुनेला. म्हणून आम्ही रोज एकेक फडके धूत नाही. पंधरवड्यात एकदा, सगळी एकत्र. बादलीचे शेवटचे पाणी जुन्या मलमलीतून गाळतो आणि वर राहिलेली लव सुक्या कचऱ्यात टाकतो. सगळे तंतू त्याने अडत नाहीत, पण काही अडतात.

त्या 'लव' शब्दाचीही गंमत. काका म्हणाले 'रोआँ'. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे आमच्याही तोंडी तोच शब्द आला. मराठीत काय म्हणावे, हे मुलांनी घरी आजीला विचारून आणले. फळ्यावर 'लव' लिहिले गेले, शेजारी 'रोआँ' तसाच राहू दिला. शंभर-दीडशे वर्षे माळव्यात राहिलेल्या आपल्या घरांत दोन्ही शब्द सुखाने नांदतात.

आता त्या पालकांचे उत्तर. गाड्या पुसण्याचे काम मुलांवर लादलेले नाही. ते काकांचेच आहे आणि त्याचे वेतन त्यांनाच मिळते. मुले शिकली ती त्या कामामागची जाण. सकाळी साडेपाचला, आपण चहाची वाट पाहत असताना, हा माणूस कोणते फडके कोणत्या डब्यातून काढतो आणि का, हे आता तीस मुलांना ठाऊक आहे. त्या तासानंतर एक बदल आम्ही पाहिला. पूर्वी व्हॅनमधून उतरताना मुले चिखलाचे बूट पायरीवर आपटत. आता आपटण्याआधी थांबतात. कोणी सूचना दिली नव्हती. काकांनाही वर्गासमोर उभे राहून बोलताना पहिल्या दिवशी घाम फुटला होता. तिसऱ्या शनिवारी त्यांनी स्वतः खडू मागून घेतला.

ज्या पालकांना हे काम नकोच असेल, त्यांच्या पाल्यांसाठी ग्रंथालयाचे आणि बागेचे काम आहे. पण आमची विनंती अशी, की एखाद्या शनिवारी आपण स्वतः येऊन तास पाहावा आणि मग ठरवावे. विश्वस्त मंडळींनाही हेच निमंत्रण.

आणि येत्या खंडेनवमीला पाटावर थोडी जागा ठेवा. धुतलेले, वाळलेले, चौपदरी घडी केलेले फडके तिथे शोभून दिसेल. हळद-कुंकू मात्र बेताने. हळदीचा डाग त्यातून सहजी जात नाही.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य