नामपल्लीची नुमाईश आणि आमचे गळके वाचनालय

आम्हा बिदरकरांना नामपल्ली परकी नाही. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबादच्याच राज्यात होता. आजोबांच्या गोष्टींत नामपल्लीचे स्टेशन हमखास यायचे. मी गेलो ते अक्काकडे, जानेवारीत. डोक्यात मात्र गावच्या वाचनालयाचे गळके छप्पर. मी तिथला खजिनदार, आणि खजिन्यात सभासदांच्या वर्गणीपलीकडे काही नाही.

दाजी म्हणाले, "आधी नुमाईश बघ, मग रड."

काश्मिरी शाली, लखनवी चिकन, आकाशपाळणे आणि मिरची भजीचा घमघमाट! अक्का शालींत रमली, ती तासभर हलेना. तेवढ्यात दाजींनी सांगितले, की संस्थानची आर्थिक पाहणी करायला पैसा हवा म्हणून उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली जवळच्याच बाग-ए-आममध्ये हे प्रदर्शन मांडले. १९४६ साली ते या मैदानावर आले. त्याच्या उत्पन्नातून एक्झिबिशन सोसायटी आज डझनावर शिक्षणसंस्था चालवते. सरोजिनी नायडूंच्या नावाचे मुलींचे कॉलेज तर इथेच आहे.

वाचनालयांना असा आधार कुठला? तेलंगणात घरपट्टीच्या रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर आहे, आपल्या कर्नाटकात सहा. सोलापूरच्या पाहुण्यांना याचे नवल वाटते, कारण महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. तिथे अ, ब, क, ड वर्ग पाहून अनुदान. पण उपकर जातो सरकारी ग्रंथालयांना. आमच्यासारख्यांनी छपरासाठी कुणाचे दार ठोठवावे? देणगीदाराला दगडावर नाव लागते. पत्र्यावर नाव कुठे कोरणार?

देणगी मागताना माझी मान खाली जाते. इथे मात्र तिकीट काढून माणसे मजेत भजी खात होती, आणि त्यातूनच कुणाच्या तरी शिक्षणाला हातभार लागत होता.

परतल्यावर गावच्या जत्रेत आम्ही स्टॉल मागितला. एका बाजूला जुनी पुस्तके, दुसऱ्या बाजूला कढई. "पुस्तक ब्याड, भजी कोड्री," म्हणत पोरांनी गर्दी केली. आमच्या अध्यक्षांना ते जरा लागले, मला नाही. गल्ला मोजायला मीच बसलो होतो ना!

पंचवीसपैकी अकरा पत्रे बसले. बालविभागावरचे बाकी आहेत, ते पुढच्या जत्रेला.