तीन दरपत्रके

खरेदीच्या प्रत्येक प्रकरणात निदान तीन दरपत्रके मागवावीत, त्यांचा तुलनात्मक तक्ता तयार करावा, आणि विनिर्देश समान असल्याची खातरजमा झाल्यावर न्यूनतम दराची शिफारस करून कागद वर पाठवावा, हा शिरस्ता कोषागारातील प्रदीर्घ नोकरीत ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याला सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या घरासाठी एखादी सेवा निवडण्याचा प्रसंग आला तर तो डगमगत नाही. उलट, दुरावलेले जुने काम पुन्हा हाती आल्याचा एक प्रच्छन्न आनंदच त्याला होतो. सातारच्या आमच्या घरी इंटरनेटची नवी जोडणी घ्यावयाची आणि ती घेताना दूरचित्रवाणीचाही एकदा काय तो निकाल लावावयाचा, असे ठरले तेव्हा मी याच आनंदात एक कोरी फाइल घेऊन तिच्यावर विषय लिहिला.

निमित्त सूनबाईंचे होते. त्यांची नोकरी पुण्याच्या एका संगणक कंपनीत असून आठवड्यातील बहुतेक दिवस त्या घरूनच काम करतात, आणि ते काम आमच्या दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवर चालले होते. चालले होते म्हणजे, बैठकीत इतरांचे बोलणे त्यांना स्पष्ट ऐकू येई, परंतु त्यांचे बोलणे पलीकडे तुटक तुटक पोहोचे आणि चेहरा मधूनच गोठून राही. याचे कारण त्या व्यवस्थेच्या रचनेतच आहे. तांब्याच्या तारेवरील इंटरनेट मुळात घरी येणारा प्रवाह रुंद आणि घरून जाणारा अरुंद अशा बेताने आखलेले. त्या काळी सामान्य माणूस इंटरनेटवरून घेईल पुष्कळ आणि देईल थोडे, असे गृहीत धरले होते. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितके दूर तितका संकेत क्षीण. 2004 साली केंद्र सरकारने सेकंदाला 256 किलोबिट एवढ्या वेगालाच ‘ब्रॉडबँड’ म्हणण्याची मुभा दिली होती. ती किमान मर्यादा 2013 मध्ये 512 किलोबिट आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट झाली. आमची तार या व्याख्यांपैकी मधल्या काळातली होती आणि सूनबाईंची नोकरी शेवटल्या काळातली, एवढेच त्या भांडणाचे मूळ.

मी तीन ठिकाणी विचारणा केली. पहिले दरपत्रक देशभर पसरलेल्या एका मोठ्या कंपनीचे. ते घेऊन आलेला तरुण गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, अतिशय विनयशील आणि अत्यंत घाईत होता. दुसरे आमच्या पेठेतील केबलवाल्याचे. उपग्रह वाहिन्यांचा पूर 1991-92 च्या सुमारास देशात आला तेव्हा या गृहस्थाने गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी टाकून अर्धी पेठ जोडली. 1995 च्या केबल कायद्यानंतर रीतसर नोंदणी करून घेतली, आणि आता त्याच गच्च्यांवरून काचेची तार नेऊन तो इंटरनेटही विकतो. तिसरे दरपत्रक सरकारी दूरसंचार निगमाच्या स्थानिक कचेरीतून मी स्वतः जाऊन आणले.

तक्ता करावयास बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडलो. केबलवाल्याचा दर वर्षाचा, कर धरून 7,200 रुपये आणि वर एक महिना मोफत. म्हणजे तेरा महिन्यांना भागले तर महिन्याला सुमारे 554. निगमाचा दर मासिक 599, कर वेगळा. 18 टक्के मिळविल्यावर 706 रुपये 82 पैसे. मोठ्या कंपनीचा दर 849, कर वेगळा, म्हणजे हजाराच्या वर दोन रुपये. परंतु त्यात इंटरनेटबरोबर शेदोनशे दूरचित्रवाणी वाहिन्या, चित्रपट दाखविणारी निरनिराळी ॲप्स आणि एक घरगुती दूरध्वनी अशी समग्र शिदोरी बांधलेली. यातली अमुक ॲप्स मला नकोत, ती वगळून दर सांगा, असे मी म्हणालो तेव्हा तो तरुण माझ्याकडे कमालीच्या सौजन्याने पाहत म्हणाला, “काका, ती फ्रीच आहेत. काढली तरी रेट तोच.” फुकट वस्तू वगळता येत नाही, आणि जी वगळता येत नाही तिची किंमत कळत नाही. आमच्या कार्यालयात अशा दरपत्रकावर ‘विनिर्देश असमान, तुलना अशक्य’ असा शेरा मारून मी ते परत पाठविले असते.

त्यावर बारीक अक्षरांत एक अट होती. ‘अमर्याद’ म्हणून जाहीर केलेल्या वापराला महिन्याला 3,300 गिगाबाइटची मर्यादा असून ती ओलांडल्यास वेग घटविण्यात येईल. मी हिशेब केला. दिवसाला 110 गिगाबाइट. स्पष्ट चित्राचा सिनेमा तासाला साधारण तीन गिगाबाइट खातो असे धरले तर आमच्या घराने दिवसाचे छत्तीस तास सिनेमा पाहिला पाहिजे. ही अट आमच्यापुरती निरुपद्रवी ठरवून मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली. खरी महत्त्वाची गोष्ट, म्हणजे घरून जाणारा वेग किती, ती मात्र तिन्हीपैकी एकाही पत्रकावर छापलेली नव्हती.

येथे मला 2019 सालची एक संध्याकाळ आठवली, आणि या सर्व प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे असे वाटल्यावाचून राहिले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्या वर्षाच्या 1 फेब्रुवारीपासून वाहिन्यांच्या दरांची नवी पद्धत अमलात आणली होती. तोवर केबलवाला देईल ते पाहावे आणि मागेल ते द्यावे अशी वहिवाट. आता प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाली, पुंजक्यात घालावयाच्या वाहिनीला 19 रुपयांची कमाल मर्यादा आली, आणि ग्राहकाने आपल्याला हव्या त्याच वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे द्यावेत असे ठरले. पायाभूत आकार 130 रुपये, करासह 153 रुपये 40 पैसे. त्यात शंभर वाहिन्यांची सोय आणि दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या त्याच शंभरांत. केबलवाल्याने घरोघर छापील अर्ज वाटले. आयुष्यात प्रथमच कोणीतरी आमच्या कुटुंबाला लेखी विचारीत होते की, बाबांनो, तुम्ही नेमके पाहता तरी काय?

जेवणे आटोपल्यावर अर्ज मध्ये ठेवून आम्ही बसलो. चिरंजीवांनी उत्साहाने क्रीडावाहिन्या सांगितल्या; कोणता सामना शेवटी पाहिला असे विचारता त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा सांगितला. मी वृत्तवाहिन्या म्हणालो, तर पत्नीने शांतपणे विचारले, “बातम्या पाहता की त्यांच्याशी भांडता?” तिला स्वतःला रात्रीच्या दोन मालिकांची एकच वाहिनी हवी होती आणि ती नेमकी कमाल किमतीची होती. आईला सह्याद्री हवी होती, तिला किंमत नव्हती. अर्धा तास झाल्यावर असे आढळले की, ज्या दोनअडीचशे वाहिन्यांचे पैसे आम्ही वर्षानुवर्षे भरीत आलो, त्यांतून घराला खरोखर लागणाऱ्या वाहिन्या एका हाताच्या बोटांवर मावतात. मी मोठ्या समाधानाने त्यांची बेरीज केली.

आणि तेथेच त्या फर्मानाचा दुबळा दुवा दिसला. सुट्या पाचसहा वाहिन्यांची बेरीज जेवढी होई, त्याहून कमी पैशांत त्याच वाहिन्या आणखी डझनभर नकोशा वाहिन्यांसह पुंजक्यात मिळत होत्या. वाहिनी विकणाऱ्यांनी सुट्या मालाची किंमत चढी आणि गठ्ठ्याची सवलतीची ठेवून निवडीचा अधिकार कागदावर शाबूत, व्यवहारात निष्प्रभ करून टाकला होता. लोकांनीही शहाणपणाने गठ्ठेच घेतले, आम्हीही घेतला. पुढे प्राधिकरणाने ती मर्यादा 12 रुपयांवर उतरविली, वाद न्यायालयांत गेले, मर्यादा पुन्हा 19 वर आली, आणि 2024 साली पायाभूत आकारावरील बंधनही उठले. मला प्राधिकरणाच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु विकणाराला गठ्ठा बांधण्याची मोकळीक असेल तोवर घेणाराला दरांची तुलना करता येत नाही, आणि विकणाराला नेमके तेच हवे असते, असे माझे त्या संध्याकाळपासूनचे मत आहे. वाहिन्यांचा तो गठ्ठा आता थोडा मोठा होऊन इंटरनेटसह माझ्या दारात उभा होता, एवढेच.

तेव्हा मी दरपत्रके बाजूला ठेवली आणि गठ्ठा आमच्या बाजूने सोडला. कोणाला काय लागते याची मागणीपत्रके प्रथम तयार केली. सूनबाईंना जाणारा आणि येणारा वेग सारखा हवा, तोही दिवसभर अखंड. नातवाला येणारा वेग हवा, पण तो सुटीच्या दिवशी. पत्नीला तिच्या मालिका वेळेवर दिसल्या पाहिजेत, “मग त्या तारेतून येवोत की आभाळातून.” आईला सह्याद्री आणि सकाळची आकाशवाणी, एक बटण दाबले की लागले पाहिजे, संकेतशब्द विचारता कामा नये.

मग दरपत्रके देणाऱ्या तिघांनाही मी एकच लेखी प्रश्न दिला. काचेची एक मुख्य तार एक्स्चेंजकडून निघते आणि वाटेतल्या डबीत तिच्या फांद्या होऊन ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. त्या एका तारेतून साधारण अडीच हजार मेगाबिट येतात आणि तेवढेच सर्वांनी वाटून घ्यावयाचे असतात. चौसष्ट घरांनी एकाच वेळी पूर्ण मागणी केली, तर घरटी चाळिसाच्या आतच येतील, पत्रकावर शंभर छापलेले असोत की तीनशे. तेव्हा माझी तार किती घरांत वाटली आहे, आणि घरून जाणारा वेग किती? मोठ्या कंपनीच्या तरुणाने “वरून विचारून सांगतो” असे आश्वासन दिले आणि त्यानंतर त्याच्याऐवजी दर दोन दिवसांनी निरनिराळ्या मुलींचे फोन येऊ लागले, ज्यांना माझा प्रश्न ठाऊक नसे, माझे नाव मात्र तोंडपाठ असे. निगमाच्या कचेरीतील अधिकाऱ्यांनी प्रश्न समजून घेतला, आकडा बरोबर सांगितला, जाण्यायेण्याचा वेग सारखाच राहील हेही सांगितले. फक्त आमच्या गल्लीत काचेची तार अद्याप आलेली नव्हती आणि ती कधी येईल याबद्दल बोलताना त्यांनी भविष्यकाळाऐवजी विध्यर्थ वापरला.

केबलवाला गच्चीवर नेऊन दाखवीत म्हणाला, “ही बघा काका डबी. बत्तीसची हाय, पण एकोणीसच घरं लावल्यात. जास्त लावली की बोंब होती आन् शिव्या मलाच खायला लागत्यात, मी इथंच ऱ्हातो न्हवं.” त्याचा दर सर्वांत कमी होता, म्हणून न्यूनतम दराचा नियमही सुखाने पाळला गेला. वर्षभराची रक्कम आगाऊ देण्यास मात्र मी नकार दिला. आधी तीन महिन्यांचे भरून पाहतो असे म्हटले. तेरावा महिना त्यामुळे गेला, पण करार मोडण्याची मुभा हाती राहिली, आणि माझ्या लेखी ती एका महिन्याच्या वर्गणीहून अधिक मोलाची आहे.

दूरचित्रवाणी मी त्याच्याकडून घेतली नाही. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. “टीव्ही बंद करताय व्हय?” एवढेच तो म्हणाला, तीस वर्षांच्या वहिवाटीपुढे मला क्षणभर अवघडल्यासारखे झाले. पण माझे कारण पक्के होते. तार तुटली, खांब पडला, वीज गेली, की त्या एका तारेवर टांगलेले सगळेच एकदम बंद पडणार. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळे, म्हणून घरात अंधार असला तरी दूरध्वनी वाजत असे. काचेच्या तारेतून फक्त प्रकाश येतो, घरातल्या डबीला वीज आपणच पुरवावी लागते. त्या डबीसाठी आणि राऊटरसाठी एक लहान बॅटरी आम्ही जोडली. आईसाठी गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री बसविली. 2004 च्या अखेरीस वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक वर्गणी नाही; छत्री आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाचा खर्च. उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या माथ्यावर, म्हणून सातारच्या छत्रीचे तोंड आग्नेयेला. सह्याद्री लागते, शिवाय त्याच बॉक्सवर आकाशवाणीची केंद्रेही ऐकू येतात. हे कळल्यावर आई म्हणाली, “आणि याचा परवाना?” रेडिओच्या परवान्याचे पुस्तक घेऊन दरवर्षी टपाल कचेरीत शुल्क भरावयास जाणारे माझे वडील तिच्या डोळ्यांसमोर असावेत. तो परवाना रद्द होऊन सुमारे चाळीस वर्षे झाली, हे तिला पटले की नाही, सांगता येत नाही.

मुसळधार पावसात छत्रीचा संकेत जातो. इतक्या आखूड लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. सातारचा आषाढ लक्षात घेता ही उणीव लहान नव्हे. परंतु त्या वेळी तारेवरचे इंटरनेट बहुधा चालू असते, आणि तार तुटते तेव्हा आभाळ बहुधा मोकळे असते. पत्नीच्या मालिकांसाठी त्या वाहिनीच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरली, आणि मालिका आता तिच्या सोयीने थांबतात हे पाहून तिने गठ्ठ्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

जोडणी झाली त्या दिवशी केबलवाल्याच्या मुलाने तार भिंतीला खिळवली, डबीवरचा हिरवा दिवा दाखविला, आणि सूनबाई पलीकडच्या खोलीत बैठकीला बसल्या. मी त्याच्याजवळ डबीच्या अनामत रकमेची पावती मागितली.

“ॲपमध्ये दिसते काका.”

मी त्याला चहा दिला, ॲपमधला तो कागद नातवाकडून छापून घेतला, त्यावर मुलाची तारखेसह सही घेतली, आणि मगच फाइलला लावला.