वाफेवरची थंडी

‘शेवटची आशा’ हे काय खाडीचे नाव झाले? भूगोल शिकवताना मला नेहमी नवल वाटे. दक्षिण चिलीत, पातागोनियाच्या तळाशी ही खाडी. १५५७ च्या मोहिमेत हुआन लाद्रिल्येरो हा दर्यावर्दी मॅगेलनच्या सामुद्रधुनीची वाट शोधीत तेथे शिरला. आता हीच शेवटची आशा, म्हणून त्याने हे नाव ठेवले. वाट काही तेथे नव्हती!

जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने त्या खाडीकाठच्या हॉटेलाची छायाचित्रे धाडली. “मामा, हा पूर्वी कत्तलखाना होता बरं का!” दिवाळीच्या फराळाबरोबर कत्तलखाना कशाला, असे वाचक म्हणतील. पण त्या छायाचित्रांनी मला आठवडाभर सोडले नाही.

ठिकाणाचे नाव पुएर्तो बोरिएस. लाखो एकरांवर मेंढ्या पाळणाऱ्या एका बड्या कंपनीने १९१३ मध्ये ते बांधायला घेतले. हंगामाला लाखाच्या वर मेंढ्या कापल्या जात. गोठवलेले मांस विलायतेला जाई. आणि गंमत पाहा, बाहेर बोचरा वारा, नि आत थंडी करण्यासाठी भट्ट्या धडधडत! हंगाम उन्हाळ्याचा, शिवाय मांसाला विषुववृत्त ओलांडायचे. नुसत्या वाऱ्यावर कसे भागणार? वाफेवर यंत्रे चालत, ती अमोनिया दाबीत. दाबलेला वायू निवून पातळ होई आणि पुन्हा उडताना भोवतालची उष्णता ओढून घेई. फळ्यावर हे काढून दाखवले, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, भट्टीपाशी कोण उभं राही?”

कारखान्यात राबत ते बहुतेक चिलोए बेटातले गरीब लोक. १९१९ च्या जानेवारीत त्यांचा संताप उसळला. गोळ्या सुटल्या, कामगार मेले, पोलीसही मेले. काही काळ शेजारचे नातालेस गाव कामगारांच्याच हाती होते. पुढे १९७० नंतर जमीनसुधारणेत कंपनीची कुरणे गेली, कारखानाही थंडावला. १९९६ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला, २०११ मध्ये हॉटेल.

हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही. त्यांनी यंत्रे जागची हलवली नाहीत. नाहीतर गंजाने ती केव्हाच खाल्ली असती. पण भाच्याच्या छायाचित्रांत सारी यंत्रेच, माणूस एकही नाही. त्याला लिहिले आहे, पुन्हा गेलास तर भट्टीच्या तोंडाशी कोणाला तरी उभे कर आणि मग छायाचित्र काढ. भट्टी केवढी होती, ते पोरांना कळू दे.